पडली की टाकली

एदेलमिराच्या हातचे चिरूट परत आले, यावर आधी कुणाचा विश्वास बसेना. मुकादम ओविदिओ चार-पाच चिरूट घेऊन तिच्या फळीपाशी आला, ते ओळीने मांडले, एक उचलून तोंडाला लावला आणि गाल आत ओढून दाखवले. हवा येईना. आतलं पान कुठेतरी गच्च दबून बसलं होतं.

"बायकोशी भांडून आलायस का सकाळी?" एदेलमिरा म्हणाली. "माझे नाहीत हे."

"गठ्ठ्यावर नंबर तुझा आहे, एदेल."

"मग नंबर टाकणाऱ्याचे डोळे तपास."

पण ओविदिओ हसला नाही. शेजारच्या फळीवरची मिर्ता एरवी अशा वेळी दोन शब्द टाकल्याशिवाय राहायची नाही, तीही मान खाली घालून पान कापत बसली.

चिरूट वळणं हे डोळ्यांचं काम नाही. पानांची जुडी तळहातावर धरून दाबली की आत गाठ कुठे आहे, पोकळी कुठे आहे, हे बोटांच्या पेरांना कळतं. पेरांनी सांगायचं आणि हाताने ऐकायचं. एदेलमिरा पोरवयात कारखान्याच्या या दालनात शिरली, इथेच तिचं लग्न ठरलं, इथेच नवरा गेल्याची खबर तिला मिळाली, आणि या सगळ्या वर्षांत तिच्या पेरांनी तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं. आता पेरं काहीच सांगत नव्हती. जाड हातमोजे घालून काम करावं तसं तिला झालं होतं, आणि गेले कित्येक दिवस हे ती सगळ्यांपासून लपवत होती.

तिच्यावर काय बेतलं ते शांतपणे सांगता येण्यासारखं नाही, म्हणून मी तसा प्रयत्नही करत नाही.

सुरुवात पायांपासून झाली होती. रात्री तळव्यांची आग व्हायची, मग ती उठून गार फरशीवर पाय टेकून बसायची. पुढे आग गेली आणि बधिरपणा आला, तेव्हा तिला वाटलं, बरं झालं, दुखणं गेलं. एके दिवशी कारखान्यातून परतताना मागून मिर्ता हाका मारत आली. तिच्या हातात एक चप्पल होती.

"ही तुझी ना?"

एदेलमिराने खाली पाहिलं. एक पाय अनवाणी होता. रस्ता उन्हाने तापलेला, वर खडी, आणि ती निम्मा रस्ता तशीच चालत आली होती.

"अगं, चप्पल पडलेली कळली नाही?"

"एक पाय थंड, एक गरम, अशी नवी पद्धत आहे," एदेलमिरा म्हणाली आणि चप्पल घालून चालू लागली. मिर्ता हसली. पण घरी जाऊन एदेलमिराने पाय पाण्यात धुतला तेव्हा पाणी लाल झालं. कुठे कापलं होतं तेही तिला बघून शोधावं लागलं.

हे त्र्याण्णव सालचं. सोव्हिएत जहाजं यायची बंद झाली होती आणि त्यांच्याबरोबर तेल, पीठ, मांस, सगळंच बंद झालं होतं. पिनार देल रिओच्या आमच्या भागात जगात नावाजलेला तंबाखू पिकतो, पण तंबाखू काही ताटात वाढता येत नाही. रेशनवर पांढराशुभ्र तांदूळ यायचा, माणशी एक पाव यायचा, कधी घेवडा यायचा, कधी मांस म्हणून सोयाबीनचा लगदा यायचा, तो उकळताना घरात बसवत नसे. साखर मात्र होती. साखर कधीच संपली नाही. म्हणून बहुतेक घरांत सकाळी आणि रात्री 'कोंबड्याचं सूप' व्हायचं. ग्लासभर पाण्यात लाल साखर घालायची, ढवळायची आणि प्यायची. कोंबडा त्यात नावापुरताच. हे नाव कुणी पाडलं माहीत नाही, पण ज्याने पाडलं त्याचं पोट रिकामं होतं हे नक्की.

एदेलमिराच्या घरी ती आणि पाच वर्षांची नात मायलिन. मुलगी हवानात कामाला. सात वर्षांच्या आतली म्हणून मायलिनला रेशनवर दूध होतं आणि त्या दुधाला एदेलमिराने कधी बोटही लावलं नाही. स्वतःचा पावही ती नातीच्या बशीत ठेवायची. "मला सकाळी खाल्लं की जड होतं," असं सांगायची. घेवडा शिजला की दाणे नातीला आणि खालचं पाणी स्वतःला. कारखान्यात कामगाराला ओढायला चिरूट फुकट मिळायचे. ते ती एकामागून एक ओढायची, कारण धुराने भूक मरते. दालनातल्या निम्म्या बायका हेच करत होत्या आणि एकमेकींना सांगत नव्हत्या. उपाशी आहोत हे बोलायचं नाही, असं कुणी बजावलेलं नव्हतं. तरी सगळ्यांना ते माहीत होतं.

दालनात रोसेन्दो नावाचा वाचक होता. वळणाऱ्यांचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे, म्हणून समोरच्या उंच चौथऱ्यावर बसून तो सकाळी वर्तमानपत्र आणि दुपारी कादंबरी वाचायचा. आमच्याकडे ही जुनी रीत आहे, आणि तिच्याबरोबर दुसरी एक रीत आहे. पान कापायला प्रत्येकीकडे मूठ नसलेलं एक अर्धगोल पातं असतं, त्याला चावेता म्हणतात. वाचलेलं आवडलं तर चावेता फळीवर वाजवायची. नाही आवडलं तर चावेता जमिनीवर टाकायची. एक जरी चावेता फरशीवर पडली तरी चौथऱ्यावरच्या माणसाचा घसा कोरडा पडतो. म्हणून चुकून ती कुणी पडू देत नाही. तान्हं मूल सांभाळावं तशी सांभाळतात.

रोसेन्दोचे डोळे जात होते. कडेचं दिसायचं, मधलं नाही. पेपरच्या पानावर मधोमध कुणीतरी अंगठा ठेवलाय असं वाटतं, असं त्याने एकदा एदेलमिराला सांगितलं होतं. लाल रंग त्याला विटकरी दिसायला लागला होता. तरी तो रोज चौथऱ्यावर चढायचा, पेपर उघडायचा, मथळा कसाबसा लावायचा आणि खालचं सगळं मनाने रचायचा. आमच्या संघाने त्या काळात बेसबॉलचे जे सामने गमावले ते रोसेन्दोने सगळे जिंकून दिले. दालनात प्रत्येकीला खरा निकाल माहीत असायचा. सगळ्या चावेता वाजवायच्या.

चिरूट परत आले त्याच दिवशी मिर्ता तिला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. न्युर्का ही आमच्या वस्तीची डॉक्टर, तिशीच्या आतली, सायकलवरून घरोघरी फिरणारी. तिने एदेलमिराला खाटेवर झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले.

"कापूस लावतेय पायाला. लागला की सांगा, मावशी."

एदेलमिरा वाट बघत राहिली. बराच वेळ गेला.

"लाव ना गं मग," ती म्हणाली.

एदेलमिराने डोळे उघडले तेव्हा कापूस तिच्या अंगठ्यावर टेकलेला होता आणि कोपऱ्यात उभी मिर्ता तोंडावर हात धरून रडत होती.

"हा नेर्विओसचा आजार आहे, मावशी."

आमच्याकडे नेर्विओस या एकाच शब्दात दोन गोष्टी राहतात. अंगातल्या नसा आणि मनाची घाबरगुंडी.

"म्हणजे मी नाटक करतेय?" एदेलमिरा उठून बसली. "मी आयुष्यात कधी कशाला घाबरले नाही, पोरी."

"नाही हो. नसा. खऱ्या नसा. नसांनासुद्धा खायला लागतं. ब जीवनसत्त्वं लागतात त्यांना. ती मांसात, अंड्यात, दुधात असतात, तांदळाच्या कोंड्यात असतात. पांढऱ्या तांदळात नसतात आणि साखरेत तर नसतातच. उलट साखर पचवायला शरीर उरलंसुरलं जीवनसत्त्व खर्च करतं. वर उपाशीपोटी चिरुटाचा धूर. पायापर्यंत जाणारी नस सगळ्यात लांब, म्हणून ती आधी उपाशी मरते. मग हाताची. रोसेन्दोकाकांची डोळ्याची गेली."

"म्हणजे कोंबड्याचं सूप बाधलं."

"कोंबडा असता तर नसतं बाधलं."

दोघी हसल्या. मग एदेलमिराने हात पुढे केला. "दे गोळ्या."

"नाहीत."

"इंजेक्शन दे."

"तेही नाही. मी वर कळवलंय. पुन्हा कळवलंय. ते म्हणतात कारण अजून ठरलेलं नाही, विषाणू असू शकतो, विष असू शकतं. आणि खाण्याबद्दल आपल्या मनाने काही लिहू नका, असंही म्हणतात." न्युर्काचा आवाज चढला. "लवकर मिळाली तर नस भरून येते, मावशी. उशीर झाला की काही परत येतं, काही येत नाही. हे मला कळतंय आणि मी इथे कापूस घेऊन बसलेय."

एदेलमिरा जाताना न्युर्काने टेबलाच्या खणातून एक उकडलेलं अंडं काढून दिलं. बहुधा तिचं स्वतःचं जेवण. एदेलमिराने ते घेतलं, आणि घरी जाऊन मायलिनला दिलं. डॉक्टरला कळलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता, पण समोर पाच वर्षांचं पोर बसलं असताना स्वतः अंडं खाईल, अशी आजी अजून जन्माला यायची आहे.

आता एदेलमिराला एकच भीती होती. हात बधिर झालाय हे उघड झालं तर तिला फळीवरून उठवून खालच्या खोलीत, पानांच्या शिरा काढायला बसवतील. ते काम हलकं म्हणून नव्हे, पण फळी म्हणजे तिचं नाव होतं. म्हणून ती डोळ्यांनी वळायला शिकू लागली. जुडी उजेडाकडे धरायची, वजन तोलायची, दोन्ही टोकं न्याहाळायची. वेग निम्म्यावर आला. ओविदिओ बघून न बघितल्यासारखं करायचा, कारण त्याच्याही पायांची आग होत होती.

आणि मग वरच्या ऑफिसातून अरेन्सिबिया नावाचे कॉम्रेड आले. गाडीतून आले. त्या महिन्यांत आमच्या रस्त्यावर गाडी म्हणजे बैलगाडी किंवा शववाहिका. गोरेगोमटे, भरल्या गालांचे, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी रोसेन्दोला चौथऱ्यावरून खाली उतरवलं आणि स्वतः वर चढले. रोसेन्दो पायरी चाचपडत उतरला, ते बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"कॉम्रेड्स," त्यांनी कागद उघडला. "गावात काही अफवा पसरल्या आहेत. आजार आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही. तज्ज्ञ शोध घेत आहेत. बऱ्याच जणांच्या बाबतीत हा निव्वळ नेर्विओसचा प्रकार आहे."

एदेलमिराला क्षणभर वाटलं, हा माणूस खऱ्या नसांबद्दल बोलतोय.

"विशेषतः काही महिला कॉम्रेड एकमेकींचं बघून हातपाय बधिर झाल्याचं सांगतात. काही पुरुष कॉम्रेड घरी गाळलेली दारू पितात आणि दिसत नाही म्हणतात. काहींना कामाचा कंटाळा आलाय. पण या देशात उपाशी कुणी नाही, हे आपण सगळे जाणतो."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि वाट बघू लागले. चौथऱ्यावरून बोललं की चावेता वाजतात, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मिर्ताच्या बशीत त्या सकाळी काय होतं ते एदेलमिराला माहीत होतं. मिर्ताला तिचं माहीत होतं. ओविदिओ दाराशी उभा राहून डोळ्यांनी विनवत होता, वाजवा, वाजवा आणि जाऊ द्या याला. कुणीतरी एक-दोनदा टकटक केलं. मग आणखी कुणी. एदेलमिराने स्वतःला समजावलं. फळी राखायची आहे, वाजव. वाजवायला काय जातं? तिने चावेता उचलली.

आणि ती बोटांतून सुटली.

फरशीवर पडलेल्या पात्याचा आवाज सगळ्या दालनात गेला. टकटक थांबली. अरेन्सिबियांचे गाल लाल झाले.

"कुणाची?"

एदेलमिरा उभी राहिली.

"पडली की टाकली?"

एवढा साधा प्रश्न, पण त्याची दोन्ही उत्तरं तिच्या गळ्याला फास लावणारी होती. पडली म्हणावं तर हात गेलाय हे कबूल, फळी गेली. टाकली म्हणावं तर त्याहून वाईट.

"कॉम्रेड एदेलमिरा आमच्या सगळ्यात जुन्या..." ओविदिओ पुढे आला.

"मी त्यांना विचारतोय."

"पडली," एदेलमिरा म्हणाली.

"मग उचला. उचला आणि वाजवा, विषय संपला."

ती वाकली. पातं पातळ, फरशीला चिकटलेलं. नखाने कड शोधायची आणि उचलायचं, एवढंच काम. पण कड कुठे आहे ते बोटांना कळेना. ती सरकवत राहिली, पातं फरशीवर घसरत राहिलं, आणि दालनात त्या खरखरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. चार लोकांसमोर, आयुष्यभर ज्या पात्याने पान कापलं तेच पातं तिला उचलता येत नव्हतं. वर उभा असलेला धडधाकट माणूस ते बघत होता, आणि खाली उतरला नाही.

"काय चाललंय?" रोसेन्दोने भिंतीजवळून विचारलं. "मला कुणी सांगेल का काय चाललंय?"

शेवटी तिने दोन्ही हातांनी पातं उभं केलं आणि मुठीत धरून उठली. मिर्ता ओरडली, "एदेल, हात!" तेव्हा तिने बघितलं. पातं तळव्यात रुतलं होतं आणि मनगटावरून रक्त ओघळत होतं. तिला काही लागत नव्हतं. अगदी काही नाही.

अरेन्सिबियांनी तोंड फिरवलं. "निष्काळजीपणा," ते पुटपुटले. "पट्टी बांधा कुणीतरी. आणि आता वाजवा, मला पुढच्या गावी जायचंय."

आणि तिथे एदेलमिराचं डोकं फिरलं. भुकेने फिरलं नव्हतं, भीतीने फिरलं नव्हतं, ते या एका शब्दाने फिरलं. घेवड्याचा एकूण एक दाणा नातीच्या बशीत मोजून ठेवणारी बाई, आणि निष्काळजी.

तिने रक्ताळलेला हात चौथऱ्याच्या दिशेने वर केला.

"मघाशी विचारलंत ना, पडली की टाकली? मघाशी पडली होती." तिने मूठ उघडली. पातं खाली गेलं, वाजलं. "ही टाकली."

पुढे गावात असं सांगत राहिले की त्यानंतर सगळ्या दालनाने चावेता टाकल्या. खोटं आहे. मिर्ताने टाकली. मागच्या ओळीतून दोन-चार पडल्या, मग आणखी काही. निम्म्या जणी चावेता हातात घट्ट धरून, खाली बघत बसून राहिल्या, आणि त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. रोसेन्दोकडे चावेता नव्हती. त्याने पेपर खाली टाकला, तो मात्र आवाज न करता पडला.

एदेलमिराला दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत बसवलं. पानांच्या मधल्या शिरा ओढून काढायच्या. ओविदिओने सांगताना नजर वर केली नाही.

दोनेक महिन्यांनी गोळ्या आल्या. पिवळ्या, वाटाण्याएवढ्या. देशातल्या प्रत्येक माणसाला, घरपोच, फुकट. न्युर्का सायकलला पिशवी लावून दारोदार फिरली आणि प्रत्येकीला आपल्यासमोर गिळायला लावली, एदेलमिराला तर तोंड उघडून दाखवायला लावलं, म्हणजे ती मायलिनला देणार नाही. मायलिनला तिची वेगळी होती. गावात आजार ओसरू लागला. विषाणू कुठे गेला, अफवा कुठे गेल्या, घाबरट बायका एकदम शूर कशा झाल्या, हे वरून कुणी सांगितलं नाही. कुणी माफीही मागितली नाही. एवढीशी गोळी होती. तिच्यासाठी थांबावं लागलं, हे मला आजही गिळता येत नाही.

एदेलमिराच्या पायांत आधी मुंग्या आल्या, मग पुन्हा ती जुनी आग आली, आणि आगीने ती ढसढसा रडली, आनंदाने. नस परत येताना अशीच येते, असं न्युर्का म्हणाली. रोसेन्दोला मथळे दिसू लागले, बारीक अक्षर कधीच दिसलं नाही. ओविदिओने एदेलमिराला वर बोलावून फळीवर बसवलं, पानं दिली. तिने डोळे मिटून जुडी दाबली. तीन बोटं बोलली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही गप्प राहिली. ज्या दोन बोटांवर चिरूट उभा राहतो, नेमकी तीच. तिने वळलेला चिरूट ओविदिओने ओढून बघितला आणि म्हणाला, "चांगला आहे."

"तुझे गाल आत गेलेत," ती म्हणाली आणि उठली.

पावसाळा संपता संपता चौथऱ्यावर नवे कॉम्रेड आले. अरेन्सिबियांची बदली झाली होती, बहुधा वरच. हे हसतमुख होते. कामगारांच्या आरोग्यासाठी केलेल्या उपायांबद्दल ते बोलले. एदेलमिरा पानांची टोपली घेऊन खालून वर आली होती, ती दारातच थांबली.

"...आणि वेळेवर दिलेल्या जीवनसत्त्वांमुळे," नवे कॉम्रेड म्हणाले आणि वाट बघू लागले.

चावेता उचलल्या गेल्या. तेवढ्यात दारातून एदेलमिराचा आवाज आला. चढलेला नव्हता, वाचकाने ओळ पुन्हा वाचावी तसा होता.

"वेळेवर? कुणाच्या?"

नव्या कॉम्रेडनी दाराकडे पाहिलं. टोपली छातीशी धरलेली एक म्हातारी होत चाललेली बाई. तिने टोपली खाली ठेवली, उजव्या हाताची ती दोन गप्प बोटं, अंगठा आणि शेजारचं, एकमेकांवर घासून त्यांना दाखवली, जसं आपण पैसे म्हणताना दाखवतो. त्यांना काहीच कळलं नाही. दालनाला कळलं. मिर्ताने उचललेली चावेता हळूच फळीवर ठेवली आणि पान कापायला घेतलं. बाकीच्यांनीही तेच केलं. त्यात त्याही जणी होत्या, ज्यांनी मागच्या वेळी टाकली नव्हती. नवे कॉम्रेड बराच वेळ उभे राहिले. मग रोसेन्दो चाचपडत पायऱ्या चढला, त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि हरलेला सामना, यावेळी खरा निकाल सांगत, वाचू लागला.